काडीवरचं पाणी

"आक्का, नर्सरीतले मासे कुणीतरी पिऊन टाकायलंय."

गेल्या जुलैत धाकट्या भावाचा हा फोन आला तेव्हा मी लातूरला घरी उत्तरपत्रिका तपासत बसले होते. खाऊन नव्हे, पिऊन. शब्द त्यानं सहज वापरला, पण त्याहून नेमका शब्द मला प्राणिशास्त्र शिकवून वीस वर्षं झाल्यावरही सुचला नसता.

त्याच्या शेततळ्याच्या बाजूला गुंठाभराचं एक मातीचं तळं आहे. रोहू-कटल्याचं बीज आधी त्यात सोडायचं, बोटभर वाढून त्याची बोटुकली झाली की मोठ्या तळ्यात घ्यायची, अशी त्याची पद्धत. त्या दिवशी सकाळी काठाला नऊ-दहा पिलं तरंगत होती. डोकं शाबूत, शेपूट शाबूत, खवले जागच्या जागी, आणि आत काही नाही. हातात घेतलं तर ओल्या कागदासारखं लागत होतं, असं तो म्हणाला. बगळ्यानं नेलं असतं तर मागं काही राहिलंच नसतं. दिवडानंही गिळूनच नेलं असतं. हे कातडं तसंच ठेवून आतलं नेणारं कोण, हे त्याला कळेना.

मला कळलं होतं. म्हटलं, "रात्री बॅटरी घेऊन काठावर बस. दिसंल तुला. पण पाण्यात हात घालू नको."

शनिवारी मी गावी गेले. मृगाचा पाऊस चांगला झाला होता, सोयाबीन उगवून आलं होतं, आणि मग पावसानं दडी मारली होती. आमच्या मांजरेच्या पट्ट्यात हे नेहमीचंच. आधी आशा लावायची आणि मग पंधरा दिवस आभाळाकडं बघायला लावायचं. रात्री नऊनंतर आम्ही दोघं नर्सरीच्या काठावर बसलो. बगळे उतरू नयेत म्हणून भावानं तळ्यात कळकाच्या काड्या रोवून त्यांच्यावर दोरे ताणले होते. त्यातल्याच एका काडीच्या बुडाशी, पाण्याखाली, तो दिसला. डोकं खाली, बूड वर, आणि बुडाचं टोक जेमतेम पाण्याच्या पातळीला टेकलेलं. वाळक्या पानाचा रंग, वाळक्या पानासारखंच चपटं अंग. शेजारी पेन धरून अंदाज घेतला. सात सेंटीमीटर तरी असेल.

"एवढा मोठा किडा पाण्यात असतोय?" भाऊ म्हणाला. त्याचं उभं आयुष्य या पाण्याच्या काठावर गेलंय.

आमच्याकडं याला खास नाव नाही. नुसतं किडा म्हणतात. मी माझ्यापुरतं त्याला पाणढेकूण म्हणते, कारण तो खरोखरच ढेकणाच्या गणातला आहे. शास्त्रीय नाव लेथोसेरस इंडिकस, कुळ बेलोस्टोमॅटिडी. या कुळातले दक्षिण अमेरिकेतले भाऊबंद तर अकरा-बारा सेंटीमीटरपर्यंत जातात, म्हणजे माझ्या तळहाताहून लांब. ढेकणांच्या या मोठ्या गोतावळ्यात शेतकऱ्याच्या ओळखीचे पुष्कळ जण आहेत. कापसावरचा मावा त्यातलाच, तुडतुडे त्यातलेच. चावून खायला जबडा यांच्यापैकी कुणालाच नाही. सगळ्यांना सोंड. मावा झाडाचा रस पितो, खाटेतला ढेकूण आपलं रक्त पितो आणि हा मासा पितो. भावाचा शब्द म्हणून बरोबर होता.

मासा पितो कसा, हे त्या रात्री बघायला मिळालं. पाणढेकूण शिकारीच्या मागं धावत नाही. काडीला नाहीतर पाणवनस्पतीला मागच्या चार पायांनी धरून निश्चल राहतो. पुढचे दोन पाय उघड्या अडकित्त्यासारखे रोखलेले असतात. बेडकाचं पिल्लू, मासोळी, काहीही हाताच्या टप्प्यात आलं की अडकित्ता मिटतो आणि सोंड आत जाते. सोंडेतून लाळ सोडली जाते. त्या लाळेत भक्ष्याला निपचित करणारी द्रव्यं असतात, आणि मांस विरघळवणारी पाचकद्रव्यंही असतात. आपण गिळून मग पचवतो, हा आधी पचवून मग गिळतो. मासोळीचं तिच्याच कातड्यात कालवण होतं आणि तो ते ओढून घेतो. उरतं ते कातडं आणि काटे. स्वतःपेक्षा मोठा बेडूकही तो असाच संपवतो. याच्या जपानी भाऊबंदानं कासवाचं पिल्लू आणि साप धरल्याच्या नोंदी जपानी संशोधक शिन्-या ओहबा यांनी केल्या आहेत. माणसाला चावला तर विंचवासारखी आग होते, पण जिवाला धोका नसतो. उगाच चावायला तो येत नाही. पाण्याबाहेर काढला तर बहुतेक वेळा मेल्याचं सोंग घेतो.

त्याच्या श्वासाची सोयही सांगायला हवी, पुढं तिचा संबंध येणार आहे. पाण्यात राहूनही याला कल्ले नाहीत. पोटाच्या टोकाला दोन आखूड पट्ट्या असतात, त्या बाहेर काढून पाण्याच्या वर टेकवायच्या आणि त्यांच्यामधून हवा आत घ्यायची. ती हवा पंखांखाली साठवून तो खाली जातो. संपली की पुन्हा वर. म्हणून बूड वर करून लटकलेला दिसतो.

हे सगळं भावाला सांगत असताना माझ्या डोळ्यांपुढं आमच्या गावची बारव होती.

मी सात-आठ वर्षांची असेन. तेव्हा नळ नव्हते, बारवेवरूनच पाणी यायचं. आजीबरोबर मी पायऱ्या उतरून जायची. एकदा तिच्या कळशीत एक किडा आला. बोटाच्या पेराएवढा, तपकिरी, आणि पाठीवर मोहरीच्या दाण्यांहून मोठे असे दाणे ओळीनं दाटीवाटीनं चिकटवलेले, एखाद्या कणसासारखे. मी तो बाहेर काढून पायरीवर टाकणार, तेवढ्यात आजीनं हात धरला. "लेकुरवाळी हाय ती माय. पाठीवर लेकरं घेऊन निघालीया. सोड तिला पाण्यात." आणि कळशी परत ओतून तिनं दुसरं पाणी भरलं. भरलेली कळशी ओतणं ही आमच्या गावात लहान गोष्ट नव्हती.

तो डिप्लोनिकस होता, याच कुळातला लहान किडा. पुढं एमएस्सीला असताना मी त्याच्याविषयी वाचलं, आणि वाचता वाचता पुस्तक मिटून बसले. पाठीवर लेकरं घेऊन निघालेली ती आई नव्हती. बाप होता.

आजीची चूक नव्हती. एकोणिसाव्या शतकातले नामवंत निसर्गअभ्यासकही तसंच समजत. पाठीवर अंडी आहेत म्हणजे मादीच, हे त्यांनी तपासायची गरजच मानली नाही. १८९९ साली अमेरिकेत फ्लॉरेन्स वेल्स स्लेटर या अभ्यासिकेनं अशा किड्यांकडं नीट पाहिलं आणि अंडी वाहणारे नर असतात हे दाखवून दिलं. मात्र नर हे ओझं नाइलाजानं घेतो, मादी जबरदस्तीनं त्याच्या पाठीवर अंडी लादते, असं तिचं मत झालं. इतकी वर्षं आईचं समजलेलं काम बापाचं निघालं, तरी बाप ते आपणहून करत असेल हे मानायला मन तयार नव्हतं.

त्याचं उत्तर आणखी पाऊणशे वर्षांनी मिळालं. ॲरिझोना विद्यापीठातल्या रॉबर्ट स्मिथ यांनी १९७० च्या दशकात एबेडस हर्बर्टाय या किड्यावर बारकाईनं काम केलं. नर आधी मादीशी मिलन करतो, मगच पाठीवर अंडी घालू देतो. एक-दोन-तीन अंडी झाली की तिला थांबवतो, पुन्हा मिलन, पुन्हा दोन-तीन अंडी. एका जोडीनं ३६ तासांत शंभराहून अधिक वेळा असं केल्याची नोंद त्यांनी केली. जी लेकरं पाठीवर वागवायची ती आपलीच आहेत याची खात्री तो पावलोपावली करून घेतो. लादलेलं ओझं कुणी असं तपासून घेत नाही.

मी हे आजीला सांगितलं होतं. तेव्हा ती ऐंशीच्या पुढं होती, ओसरीवर भिंतीला टेकून बसलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं. "आन् माय कुटं जाती त्यांची?" मी म्हटलं, ती पुन्हा खाऊन-पिऊन नवी अंडी तयार करायला जाते. ती थोडा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "म्हंजे इठोबावाणी. लेकुरवाळा." तिच्या तोंडी हा शब्द पुरुषासाठी यायचा तो फक्त विठोबापुरता. त्या दिवशी तिनं तो एका किड्याला दिला.

बापानंच का सांभाळायचं, आणि मुळात सांभाळायचंच कशाला, हा प्रश्न मला वर्गात शिकवायला सगळ्यात आवडतो. बहुतेक कीटक अंडी घालतात आणि निघून जातात. हे एवढे कष्ट का? स्मिथ यांनी लावलेली संगती अशी. किडा वाढतो तो कात टाकून. प्रत्येक कातीला अंग साधारण ठरावीक पटीनंच वाढतं, आणि या ढेकणांना पंख फुटेपर्यंत पाचच वेळा कात टाकायची मुभा आहे. सहावी नाही. मग मासा-बेडूक धरण्याइतकं मोठं व्हायचं तर काय करायचं? सुरुवातच मोठी करायची. म्हणजे अंडं मोठं हवं. आता अडचण सुरू होते. अंड्याला प्राणवायू मिळतो तो त्याच्या कवचातून, आणि अंडं जितकं मोठं तितकं आतल्या जिवाच्या मानानं कवच कमी पडतं. त्यात पाण्यात प्राणवायू मुळात थोडा आणि तो सरकतोही हळू. तळाशी घातलेलं मोठं अंडं गुदमरून मरतं. बरं, पाण्याबाहेर ठेवावं तर हवा भरपूर, पण अंडं सुकतं. या अंड्यांना वाढताना पाणी शोषून फुगायचं असतं. पाण्यात ठेवलं तर गुदमरणार, बाहेर ठेवलं तर वाळणार. मोठं व्हायचं असेल तर अंड्याला दोन्ही हवं, आणि ते दोन्ही देणारं कुणीतरी जवळ हवं.

फळ्यावर हे लिहून झालं की मी थोडा वेळ थांबते. मुलं शांत झालेली असतात.

डिप्लोनिकसनं काढलेली वाट म्हणजे पाठ. अंडी पाठीवर घेऊन नर पाण्याच्या पातळीला राहतो, अंड्यांना हवा लागेल आणि ओलही राहील असा. खाली असला तर अंग वर-खाली हलवून अंड्यांवरून ताजं पाणी फिरवत राहतो, मागच्या पायांनी त्यांना कुरवाळतो. किंमत मोठी आहे. अंडी पंखांवरच डकवलेली, त्यामुळं पंख उघडत नाहीत, उडता येत नाही. पोहण्याचा वेगही कमी होतो. तळं आटायला लागलं तरी अंडी फुटेपर्यंत त्याला तिथंच राहावं लागतं.

मोठ्या पाणढेकणाची वाट वेगळी आहे, आणि ती मी तोवर फक्त वाचली होती.

त्या शनिवारच्या रात्री, अकराच्या सुमारास, भाऊ घरी जेवायला गेला आणि मी एकटीच होते. बॅटरीच्या काचेवर लाल जिलेटीन लावलं होतं. पाण्याखाली लटकलेला तो हळूहळू काडीवरून वर येऊ लागला. पाण्याबाहेर आला, अंगावरून पाणी निथळत होतं. प्रकाशाचा झोत थोडा वर नेला, तर पाण्यापासून वीतभर उंचीवर काडीला अंड्यांचा एक झुबका होता. गव्हाच्या लोंबीसारखा रचलेला, फिकट, वर तपकिरी रेघा. दुसऱ्या दिवशी फोटोवरून मोजली, बहात्तर भरली. तो त्या झुबक्यावर चढला आणि त्याला आपल्या पोटाखाली घेऊन बसला. अंगावरचं पाणी थेंब थेंब अंड्यांवर उतरलं. पुष्कळ वेळ तो हलला नाही. मग उलट्या दिशेनं खाली सरकला, पाण्यात बुडाला, आणि काही वेळानं पुन्हा वर.

रात्री दोनपर्यंत मी त्याच्या फेऱ्या पाहिल्या. अकरा ते दोन, चार फेऱ्या.

मला हे लिहिताना संकोच वाटत नाही, त्या वेळी माझे डोळे भरून आले होते. आमच्या घरात पाणी वाहून आणणं म्हणजे काय असतं हे मी लहानपणापासून पाहिलंय. आईच्या डोक्यावरच्या चुंबळीचा वळ, आजीच्या कमरेवरचा कळशीचा घट्टा. पाणी तळाशी आणि तहान वर, आणि या दोन्हींच्या मधलं अंतर कुणाच्या तरी अंगानं भरून काढायचं. तो सात सेंटीमीटरचा जीव तेच करत होता, आणि त्याच्याकडं भांडंसुद्धा नव्हतं. त्याचं अंगच भांडं होतं.

दिवसा ऊन लागलं तर तो अंड्यांवर सावली धरतो, मुंग्या चढल्या तर अडकित्ता उगारतो. अंडी फुटायला आठवडा ते दहा दिवस लागतात. सगळी एका सुमारास फुटतात आणि पिवळसर पिलं टपाटपा पाण्यात पडतात. त्यानंतर त्यांचं त्यांनी बघायचं. ती एकमेकांनाही सोडत नाहीत.

त्याला सगळ्यात मोठी भीती मुंग्यांची नाही, दुसऱ्या मादीची आहे. जपानमधल्या याच्या भाऊबंदावर नोरिताका इचिकावा यांनी केलेल्या अभ्यासात हे दिसलं. अंडी घालायला तयार झालेल्या मादीला राखण करणारा नर हवा असतो, आणि चांगला नर आधीच कुणाची तरी अंडी राखत असतो. ती काडीवर चढते आणि ती अंडी फोडून टाकते. नर अडवायचा प्रयत्न करतो, पण मादी त्याच्याहून मोठी. अंडी गेली की तो तिच्याशी मिलन करतो आणि तिची अंडी राखायला बसतो. वर्गात हे सांगितलं की एखादी मुलगी हमखास "किती दुष्ट" म्हणते. मी काही बोलत नाही. तळं आटायच्या आत जिला वंश पुढं न्यायचा आहे तिच्याकडं वेळ किती असतो, हा हिशेब मला मराठवाड्यात राहून कळतो.

आटणाऱ्या पाण्याचं या जिवाशी नातं जुनं आहे. त्याचे पंख त्यासाठीच आहेत. तळं संपत आलं की तो रात्री उडतो. एवढं जड अंग उचलायचं म्हणजे आधी छातीचे स्नायू तापवावे लागतात, म्हणून उडण्यापूर्वी तो थरथरतो. मग त्या स्नायूंची गंमत सुरू होते. मज्जातंतूचा एक इशारा मिळाला की ते अनेकदा आखडतात आणि सैलावतात. हे स्नायू इतके शिस्तीत रचलेले असतात की शास्त्रज्ञांनी त्यांच्यावरून स्नायू मुळात आखडतो कसा हे शोधलं. १९६५ मध्ये मायकेल रीडी, केनेथ होम्स आणि रिचर्ड ट्रेगर यांनी याच लेथोसेरसच्या उडण्याच्या स्नायूत दाखवलं, की स्नायूतल्या दोन प्रकारच्या तंतूंना जोडणारे बारीक दुवे आपला कोन बदलतात. वल्हं मारावं तसे. माझ्या आईचा कळशी उचलणारा दंड ज्या युक्तीनं चालायचा, तिचा एक पुरावा या किड्याच्या छातीत सापडला आहे.

पण रात्री पाणी ओळखायचं कसं? पाण्याच्या सपाट पृष्ठभागावरून परतणाऱ्या प्रकाशाला एक विशिष्ट आडवी दिशा येते. ध्रुवीकरण झालेला हा प्रकाश आपल्या डोळ्यांना वेगळा दिसत नाही, पण पाण्यातल्या अनेक उडणाऱ्या कीटकांना दिसतो, आणि तो दिसला म्हणजे पाणी, असं ते धरून चालतात. लाखो वर्षं हे खरं होतं. आता डांबरी रस्ता, मोटारीचं टप, काळं प्लास्टिक हेही तसंच चमकतं. वर दिव्यांची ओढ. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर कुठल्याही पेट्रोल पंपावर रात्री जा, दिव्यांखाली एखादा पाणढेकूण उलटा पडलेला असतो, पाय हलवत. लोक चप्पल काढतात. मी कित्येकदा तो रुमालात घेऊन जवळच्या ओढ्यात सोडला आहे, आणि ओढा कोरडा असेल तर घरी बादलीत ठेवून सकाळी पाणी शोधत हिंडले आहे.

२०१६ चा उन्हाळा आठवतो. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली, तेव्हा मी टँकरच्या रांगेत नंबर लावून उभी होते. त्या वर्षी गावची बारव तळापर्यंत आटली होती. शेवटच्या पायरीखालच्या गाळाला हात जाईल एवढ्या भेगा होत्या. पुढं सप्टेंबरमध्ये पाऊस असा झाला की बारव वरच्या पायऱ्यांपर्यंत भरली. दिवाळीत गेले तर पाण्यात डिप्लोनिकस होते, दोघांच्या पाठीवर अंडी. वर्षभर ते कुठं होते? कुठल्या डबक्यात, कुठल्या विहिरीच्या कपारीत तगले, आणि कुठल्या रात्री उठून आले? माणसांना पाणी रेल्वेनं आणावं लागलं. हे आपले आपण पाणी शोधत आले.

मणिपूर-नागालँडमध्ये आणि थायलंडमध्ये हाच मोठा पाणढेकूण लोक आवडीनं खातात. नराला एक तीव्र सुगंध असतो, त्यासाठी थायलंडमध्ये तो मिरचीच्या ठेच्यात वाटतात. भावाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

हसला, पण त्याचा प्रश्न तसाच होता. मत्स्यबीजाची दुसरी खेप मंगळवारी संध्याकाळी यायची होती, पैसे आधी भरलेले. बीज सोडण्याआधी तळ्यातले किडे काढायची जी रीत मासेवाल्यांना शिकवतात ती साधी आहे. स्वस्त खाद्यतेल आणि कपड्याचा साबण पाण्यात घोटून तळ्यावर पसरायचा. हेक्टरी ५६ किलो तेल, १८ किलो साबण. आमच्या गुंठ्याला अर्धा किलोच्या वर तेल आणि पावशेराच्या आत साबण पुरतो. पाण्यावर तवंग धरतो. कल्ल्यांनी श्वास घेणाऱ्या माशांचं त्यानं फारसं बिघडत नाही. जे हवा घ्यायला वर येतात त्यांच्या श्वासाच्या वाटेत तेल जातं. बुडाच्या त्या दोन पट्ट्या.

"आक्का, तू सांग. नको म्हणलीस तर नाही टाकत."

हे त्यानं म्हणायला नको होतं. गेल्या साली सोयाबीनला भाव नव्हता, मुलीच्या शिक्षणाला त्यानं याच तळ्याच्या भरवशावर पैसे उचललेत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं म्हणून त्यानं मासे गमवावेत, असं मी म्हणू शकत नव्हते. आणि टाक असंही माझ्या तोंडून येईना. शेवटी म्हटलं, "सोमवारी टाक. मला उद्याची संध्याकाळ दे."

रविवारी दिवस मावळल्यावर आम्ही दोघांनी ती काडी उपसली. अंड्यांचा झुबका हातभर वर राहील अशी धरून भाऊ उभा राहिला. नर काडी हलताच पाण्यात पडला होता. त्याला जाळीच्या पळीनं उचलून बादलीत घेतलं. त्यानं पाय आवळून मेल्याचं सोंग घेतलं, मग बुडातून पिचकारी मारली. बादलीवर ओलं फडकं बांधून मोटारसायकलवरून आम्ही बारवेवर आलो. भाऊ हळू चालवत होता. खड्डा आला की मागं वळून विचारायचा, "हायत का नीट?"

बारवेवर आता कुणी पाण्याला येत नाही. घरोघर नळ आहेत, चार-पाच दिवसांनी का होईना येतात. पाणी हिरवट आहे, पण जिवंत आहे, बेडकांची पिलं भरपूर. खालच्या पायरीच्या दगडांमध्ये एक सांध होती, तिथं काडी पाचरीनं घट्ट बसवली, झुबका पाण्याच्या वर वीतभर. काडीच्या बुडाशी बादली तिरपी केली. तो पाण्यात गेला आणि दिसेनासा झाला. तासभर थांबलो. वर आला नाही.

सोमवारी मी रजा टाकली. पहाटे गेले तर काडी कोरडी. अंड्यांचा रंग मला उगाचच उतरल्यासारखा वाटला. घरून आजीचा तांब्या आणला होता. बारवेतलं पाणी घेऊन अंड्यांवर हलकं हलकं शिंपडलं, बोटांवरून निथळू दिलं, त्याच्यासारखं. दुपारी उन्हात जाऊन झुबक्यावर पळसाचं पान बांधून आले. चार वाजता पुन्हा पाणी, दिवेलागणीला पुन्हा. रात्री नऊला लाल बॅटरी घेऊन बसले. पाण्यात बेडूक ओरडत होते, काडीवर कुणी नव्हतं. दहाला पाणी घातलं. बाराला घातलं. बहात्तर अंड्यांना एका रात्रीत किती पाणी लागतं हे कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नाही. मी आपली अंदाजानं घालत होते. तिकडं भावानं नर्सरीत तेल-साबण टाकला होता. त्याचा मेसेज आला होता, "टाकलं." त्याच्यापुढं काही लिहिलं नव्हतं.

दोननंतर पायरीवरच डोळा लागला असावा. जाग आली तेव्हा फटफटलं होतं. आभाळ कोरडं, पायऱ्या कोरड्या, दंव नाही. मी धडपडत तांब्या उचलला आणि खालच्या पायरीवर वाकले.

पळसाचं पान एका बाजूला सरकलं होतं. झुबक्याखालून एक थेंब काडीवरून खाली उतरत होता, त्याच्यामागं दुसरा. काडी पाण्यापर्यंत ओली होती.

तांब्या अजून कोरडाच होता माझ्या हातात.